वसईचीं बावखलें

वसईचा इतिहास म्हटला कीं किल्ला आणि चिमाजीअप्पांचा १७३९ चा विजय यांचें आपणांस सहज स्मरण होतें. परंतु ज्या पाण्यावर येथील बागा जगल्या, त्या पाण्यालाहि इतिहास आहे. विरारच्या पूर्वेकडील आमच्या चंदनसारहून रेल्वेचे रूळ ओलांडून आगाशीकडे गेलें म्हणजे वाड्यांतून त्याची खूण दिसते. ती खूण म्हणजे बावखल.

बावखल हें बांधीव तळें नव्हे. वाडींतील रेताड जमिनींत खणलेला, दगडी बांधकाम नसलेला तो एक विस्तीर्ण खड्डा. पावसाळ्यांत तो भरतो, पाणी भोंवतालीं मुरतें, आणि उन्हाळ्यांत उपसा केल्यावर झऱ्यांनीं पुन्हां भरून येतो. रहाटाला जनावर जुंपून वाडवळ, कुपारी आदि बागाइतदारांनीं याच पाण्यावर केळी व पानवेली पोसल्या.

समुद्र इतका जवळ असतां हें पाणी गोडें कसें राहतें? गोडें पाणी हलकें. तें जमिनीखालीं खाऱ्या पाण्यावर तरंगतें. डच अभियंता बाडॉन घायबेन यानें १८८८-८९ मध्यें व जर्मनीच्या हर्झबर्गनें १९०१ सालीं याचें गणित मांडलें. समुद्रसपाटीवर गोडें पाणी एक फूट उंच असेल, तर खालीं सुमारें ४० फूट गोडें पाणी टिकतें. वरचा एक फूट गेला कीं खालचे ४० फूट जाण्याची भीति. बागाइतदारास हें सूत्र ठाऊक नव्हतें. परंतु जितकें मुरवावें तितकेंच उपसावें, ही शिस्त रहाटाच्या संथ गतीनेंच त्यास लावली होती.

विजेचे पंप आले आणि ती शिस्त मोडली. पुढें टँकर भरभरून पाणी विकलें जाऊं लागलें, तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढारपणाखालीं हरित वसई संरक्षण समितीनें त्याविरुद्ध लढा दिला. तथापि इमारतींसाठीं अनेक बावखलें बुजलीं.

इकडे १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची पातळी सरासरीनें सुमारें २० सेंटिमीटर वाढली आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत वसई-विरारचे अनेक भाग कित्येक दिवस पाण्याखालीं होते. बावखल समुद्राला थोपवील, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु पावसाचें पाणी पोटांत घेण्याची व खाऱ्या पाण्याला खालीं दाबून ठेवण्याची दोन्ही कामें तें विनातक्रार करीत आलें आहे. तें बुजविणारा स्वतःची चार हात जमीन वाढवितो. शेजाऱ्याची विहीर मात्र खारी होण्याचा धोका ओढवतो. उरलीं आहेत तीं राखणें, हें म्हणूनच आपणां सर्वांचें कर्तव्य होय.