वॉटसन्स हॉटेल

वॉटसन्स हॉटेल (सध्याचे नाव: एस्प्लनेड मॅन्शन) ही मुंबईच्या फोर्ट विभागातील काळा घोडा परिसरात असलेली ऐतिहासिक इमारत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते मुंबईतील सर्वांत प्रतिष्ठित हॉटेल मानले जात असे. ओतीव लोखंडाचा सांगाडा असलेली भारतातील सर्वांत जुनी शिल्लक इमारत म्हणून ती ओळखली जाते.

इतिहास

१८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि तटाबाहेरील एस्प्लनेड मैदानालगत बांधकामासाठी भूखंड उपलब्ध झाले. कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांनी त्यांपैकी एका भूखंडावर ही इमारत उभारली. बांधकाम १८६७ ते १८६९ या काळात झाले.

रचना

इमारतीचा आराखडा ब्रिटिश स्थापत्य अभियंता रोलंड मेसन ऑर्डिश यांनी तयार केला. लंडनच्या सेंट पँक्रस रेल्वे स्थानकाच्या छताच्या कामाशीही त्यांचा संबंध होता. खांब, तुळया इत्यादी लोखंडी भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईत आणले गेले व येथे जोडण्यात आले. इमारतीचा भार या सांगाड्यावर असून खांबांमधील जागा विटांनी भरलेली आहे. पाच मजली हॉटेलात सुमारे १३० खोल्या होत्या. दर्शनी भागात रुंद सज्जे, तर आतील चौकावर काचेचे छत होते.

हॉटेलातील वास्तव्य

येथे मुख्यतः युरोपीय प्रवासी उतरत. उपाहारगृहात इंग्लंडहून आणलेल्या महिला वाढपी असत. खोल्यांमधील कामे मात्र भारतीय नोकर करीत. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये व्याख्यान दौऱ्यानिमित्त मुंबईत आले असता या हॉटेलात राहिले. 'फॉलोइंग द इक्वेटर' (१८९७) या प्रवासवर्णनात त्यांनी सज्जावर जमणाऱ्या कावळ्यांचे विनोदी वर्णन केले आहे. त्याच ग्रंथात मुंबईच्या हॉटेलात एका युरोपीय माणसाने भारतीय नोकराला मारल्याचा प्रसंगही आहे. तो नोकर निमूटपणे मार सहन करतो, हे पाहून ट्वेन यांना बालपणी मिसूरीत पाहिलेली गुलामगिरी आठवली.

चित्रपटाचा पहिला खेळ

७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे प्रतिनिधी मारियस सेस्तिए यांनी या हॉटेलात चलच्चित्रांचा खेळ सादर केला. तो भारतातील पहिला चित्रपट-खेळ मानला जातो. त्यात सहा लघुपट दाखवण्यात आले व प्रवेशमूल्य एक रुपया होते. त्यानंतर मुंबईतील नॉव्हेल्टी थिएटरमध्ये खेळ सुरू झाले. याच खेळांतून प्रेरणा घेऊन छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर (सावेदादा) यांनी पुढे १८९९ मध्ये कुस्तीच्या सामन्याचे चित्रण केले.

ताजमहाल हॉटेलविषयीची आख्यायिका

भारतीय असल्यामुळे वॉटसन्समध्ये प्रवेश नाकारला गेल्याने जमशेटजी टाटा यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, अशी कथा प्रसिद्ध आहे. मात्र तिच्या सत्यतेविषयी अनेक अभ्यासकांनी शंका व्यक्त केली आहे. ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाल्यावर वॉटसन्सचे महत्त्व ओसरले.

ऱ्हास आणि संवर्धनाचा प्रश्न

हॉटेल बंद झाल्यावर इमारतीतील मोठ्या दालनांचे लहान गाळे पाडून ते निवासासाठी व कार्यालयांसाठी भाड्याने देण्यात आले. न्यायालय जवळ असल्याने अनेक वकिलांची कार्यालये येथे होती. भाडेनियंत्रण कायद्यामुळे मुंबईतील जुन्या इमारतींचे भाडे अत्यल्प राहिले व दुरुस्तीचा खर्च कोणी करावा, हा वादाचा विषय ठरला. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला. इटालियन वास्तुविशारद रेंझो पियानो यांच्या पुढाकाराने जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला.

२०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर भाडेकरूंना इमारत रिकामी करावी लागली. आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडण्याची शिफारस होती. संवर्धन वास्तुविशारदांनी तिला विरोध केला. या वादात एका बाजूला रहिवासी व पादचाऱ्यांची सुरक्षितता, तर दुसऱ्या बाजूला वारसामूल्य असे दोन मुद्दे होते. इमारतीचे ऐतिहासिक महत्त्व प्रामुख्याने तिच्या लोखंडी सांगाड्यात असल्याने, तो दुरुस्त होऊ शकतो का, हा त्यातील कळीचा तांत्रिक प्रश्न ठरला.