उगाळ (धारेचे दगड)

नैसर्गिक धारेच्या दगडाचा पृष्ठभाग पाण्यासह घासला असता त्यातून जे कण सुटतात, त्यांचे पाण्यात झालेले दुधट मिश्रण म्हणजे उगाळ. धार लावण्याच्या आधुनिक साहित्यात त्यास स्लरी म्हणतात. मिटवता येणाऱ्या सरळ पात्याच्या वस्तऱ्याला धार लावताना उगाळाचा उपयोग विशेषत्वाने केला जातो. बेल्जियममधील कोटिक्यूल, जर्मनीतील थुरिंगियाचे दगड आणि जपानमधील क्योतो परिसरातील दगड ही या पद्धतीची प्रसिद्ध उदाहरणे होत.

सहाणेवर गंध उगाळणाऱ्या मराठी वाचकाला ही क्रिया परकी वाटू नये. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. सहाणेवर खोड झिजते आणि सहाण जवळपास तशीच राहते. येथे दगडावर दगड घासला जातो व दोन्ही झिजतात. ही झीज हाच या पद्धतीचा आधार आहे.

कोटिक्यूल

कोटिक्यूल हा बेल्जियमच्या आर्देन प्रदेशात, व्हिएलसाल्म व लिएर्न्यू यांच्या परिसरात सापडणारा फिकट पिवळा रूपांतरित खडक आहे. त्याचे नाव लॅटिन भाषेतील ‘कोस’ म्हणजे धारेचा दगड, या शब्दाच्या लघुत्वदर्शक रूपावरून आले. निळसर-जांभळ्या पाटीसारख्या खडकात त्याचे पातळ थर असतात. थरांची जाडी सहसा काही सेंटिमीटरच भरते, म्हणून पिवळ्या दगडाची चीप बहुधा पाटीच्या दगडावर चिकटवून विकली जाते. काही तुकड्यांत पिवळा व निळसर खडक निसर्गतःच जोडलेले असतात. हा निळसर खडकही ‘बेल्जियन निळा’ या नावाने धारेसाठी विकला जातो. त्यात गार्नेटचे प्रमाण कमी असल्याने तो सावकाश काम करतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील बहुतेक खाणी बंद पडल्या. पुढे मर्यादित प्रमाणात उत्खनन पुन्हा सुरू झाले. सालमशातो या गावी या दगडाला वाहिलेले एक संग्रहालय आहे.

या दगडाची कापण्याची शक्ती त्यातील स्पेसर्टाइन या गार्नेटच्या सूक्ष्म स्फटिकांत आहे. स्पेसर्टाइन हे मँगॅनीज व अ‍ॅल्युमिनियम यांचे सिलिकेट असून मोस मापश्रेणीनुसार त्याची कठिनता सुमारे ७ ते ७.५ असते. वस्तऱ्याच्या कडक केलेल्या पोलादाला खरवडण्यास ती पुरेशी ठरते. हे स्फटिक अभ्रकवर्गीय मऊ खनिजे व क्वार्ट्झ यांच्या गाभ्यात रुतलेले असतात. स्फटिकांचा आकार साधारणतः ५ ते २० मायक्रॉन म्हणजे तसा मोठाच. तरीही दगडाने दिलेली धार गुळगुळीत असते. याचे कारण स्फटिकांच्या घडणीत शोधले जाते. गार्नेटचा स्फटिक बहुधा बारा समचतुर्भुज पृष्ठांचा असतो आणि त्याच्या शेजारच्या पृष्ठांमधील कोन १२० अंशांचा, म्हणजे बोथट असतो. असा कण पोलादात खोल चरा पाडत नाही, उथळ खरवडतो.

उगाळाची गरज येथेच उत्पन्न होते. केवळ पाण्याने ओला केलेला कोटिक्यूल अतिशय मंद गतीने कापतो, कारण गाभ्यात रुतलेल्या स्फटिकांचा थोडाच भाग वर आलेला असतो. त्यांना मोकळे केले की ते पाते आणि दगड यांच्यामध्ये गडगडू लागतात, नवनव्या बाजूंनी पोलादाला भिडतात आणि काम कितीतरी पटींनी जलद होते.

कृती

आधी दगड सपाट आहे याची खात्री करावी लागते, कारण वस्तऱ्याची पाठ व धार ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवूनच धार लावतात. कोन हाताने सांभाळावा लागत नाही. पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांवरून तो आपोआप ठरतो. सुमारे १६ मिलिमीटर रुंद पाते आणि ४.५ मिलिमीटर जाड पाठ असल्यास तो १६ अंशांच्या आसपास येतो. दगडात खळगा असेल तर ही सारी भूमिती बिघडते.

दगडावर थोडे पाणी घेऊन त्याच दगडाचा छोटा तुकडा हलक्या हाताने गोलाकार फिरवतात. हिरेकण बसवलेली धातूची पट्टीही चालते, पण तिच्यामुळे दगडाच्या पृष्ठभागावर चरे उमटण्याचा संभव असतो. उगाळ पातळ दुधासारखा झाला की थांबावे. गंधासारखा दाट उगाळ नवशिक्याला आकर्षक वाटतो, परंतु त्यात पाते रुततच राहते आणि धारेचे काही कळेनासे होते.

मग पाते सपाट ठेवून, जवळजवळ दाब न देता, पुढे-मागे छोटे हात मारतात. उगाळ करडा होऊ लागतो. हा रंग पात्यावरून निघालेल्या पोलादाचा असून काम चालू असल्याची ती खूण आहे. पात्याच्या दोन्ही बाजू काठापर्यंत नीट जुळल्या की बोटाच्या टोकाने एक-दोन थेंब पाणी घालून उगाळ पातळ करतात. काही हात मारून पुन्हा थेंब घालतात. असे टप्प्याटप्प्याने पातळ करीत अखेर दगड धुऊन निव्वळ पाण्यावर शेवटचे हात मारले जातात. त्यानंतर पाते पुसून चामड्याच्या पट्ट्यावर घासतात.

या क्रमात घाई केल्यास फसगत होते. बाजू पुरत्या जुळण्याआधीच पाणी वाढवले, तर पुढचे शंभर हातही वाया जातात. निव्वळ पाण्यावरचा कोटिक्यूल इतका मंद असतो की मागची उणीव तो भरून काढू शकत नाही. अशा वेळी नवा उगाळ काढून आरंभापासून सुरुवात करणे हाच उपाय उरतो.

उगाळाची मर्यादा

ज्या मोकळ्या कणांमुळे काम जलद होते, तेच धारेला एका मर्यादेपलीकडे तीक्ष्ण होऊ देत नाहीत. दगडावरून पुढे सरकणारी धार उगाळातील कणांवर समोरून आदळते व तिचे टोक किंचित गोलावते. म्हणजे बाजू घासल्याने धार जितकी बारीक होते, तितकीच ती टोकाशी बोथटतेही. दोहोंचा तोल साधला की प्रगती थांबते. उगाळ जितका दाट, तितका हा तोल लवकर साधतो. पातळ करीत जाण्यामागचे खरे कारण हेच आहे.

उगाळातील कण घासताना फुटून बारीक होतात आणि म्हणून धार सुधारते, असे स्पष्टीकरणही प्रचलित आहे. जपानी दगडांबाबत ते परंपरेने सांगितले जाते. कोटिक्यूलला मात्र ते लागू करणे कठीण दिसते: गार्नेट टणक असून त्यात पाटन, म्हणजे ठरावीक पातळ्यांवर दुभंगण्याचा गुण नसतो. मोकळे कण विरळ होत जाणे, हे स्पष्टीकरण तेथे अधिक समर्पक ठरते.

अन्य दगड

जपानमध्ये उगाळ काढण्याच्या छोट्या दगडाला नागुरा म्हणतात. आइची प्रांतातील मिकावा भागातून येणारे नागुरा बोतान, तेंजो, मेजिरो व कोमा अशा प्रतींत ओळखले जातात. यांत बोतान जाड तर कोमा सर्वांत बारीक कणांचा. तळाचा दगड तोच ठेवून नागुरा बदलत जायचे आणि एकाच दगडावर अनेक दगडांचे काम करून घ्यायचे, अशी ही रीत आहे. त्याच दगडाचा तुकडा वापरल्यास त्याला तोमोनागुरा म्हणतात. थुरिंगियातील झोनेबर्ग येथील एशर या व्यापारी घराण्याच्या दगडांसोबतही त्याच जातीचा घासण्याचा तुकडा दिला जात असे.

सर्वच दगडांना उगाळ मानवत नाही. अमेरिकेतील आर्कान्सासचा नोव्हाक्युलाइट हा जवळजवळ निव्वळ सूक्ष्म क्वार्ट्झचा घट्ट बांधणीचा दगड असून त्याचे कण सहजी सुटत नाहीत. तो तेल किंवा पाण्यावर, उगाळाविनाच वापरतात. दगडागणिक द्रव बदलतो हे ज्ञान जुने आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने आपल्या निसर्गेतिहासात तेलावर चालणारे व पाण्यावर चालणारे दगड वेगळे नोंदवले असून, न्हाव्यांच्या दुकानांत थुंकी लावून वापरल्या जाणाऱ्या दगडांचाही उल्लेख केला आहे.

महाराष्ट्रात नाभिकाच्या धोपटीत वस्तऱ्यासोबत धारेचा दगड व चामड्याचा पट्टा असे. हल्ली बहुतेक केशकर्तनालयांत एकदाच वापरून टाकण्याच्या पात्याचा वस्तरा रूढ झाल्याने धार लावण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

निगा

काम संपल्यावर दगड धुऊन सावलीत वाळवावा. उगाळ दगडावर तसाच सुकू दिल्यास त्याची धूळ होते. तीत क्वार्ट्झ असल्याने ती श्वासावाटे जाणे अपायकारक आहे. दगड सपाट करण्याचे कामही याच कारणास्तव ओल्यानेच करतात. वस्तऱ्याच्या मुठीतील बिजागरीत शिरलेला उगाळ पुसून न काढल्यास तेथे गंज चढतो.