धक्का कुणाचा?

धारूरला समुद्र नाही. बालाघाटाच्या डोंगरातलं आमचं गाव. पाणी म्हटलं की आम्हाला विहीर, आड, किल्ल्यातले तलाव आणि उन्हाळ्यातला टँकर आठवतो. तेव्हा मुंबईच्या बंदराविषयी धारूरच्या माणसानं बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. पण मी पहिला समुद्र पाहिला तो बंदराच्या धक्क्यावरून, आणि तोही चौपाटी पाहायला गेलो म्हणून नव्हे.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. मी सात-आठ वर्षांचा होतो. आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, हजला निघाले होते. तेव्हा मराठवाड्यातला साधा शेतकरी माणूस विमानानं हजला जात नसे. एसटीनं आणि रेल्वेनं मुंबई गाठायची, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम करायचा, कागदपत्रं पुरी करायची आणि जहाजानं जेद्दाहला जायचं, अशी रीत होती. दादांजवळ पत्र्याची एक ट्रंक, एक वळकटी आणि दादीनं बांधून दिलेल्या दशम्या. अब्बांच्या खांद्यावर बसून मी जहाज पाहिलं. ते मला आमच्या किल्ल्याच्या तटाएवढं वाटलं. जहाज सुटलं तेव्हा धक्क्यावरचे सगळेच रडत होते. परत येतील की नाही, हे त्या काळी कुणालाच सांगता येत नसे. दादा परत आले. ही सागरी हजयात्रा १९९५ साली बंद झाली.

त्या धक्क्याशी आमच्या गल्लीचं आणखी एक नातं होतं. गल्लीतले एक चाचा गोदीत हमाल होते. वर्षातून एकदा ईदला गावी यायचे. गाठी ओढायचा लोखंडी आकडा त्यांनी घरी खुंटीला टांगून ठेवला होता. खांद्यावर घट्टा पडलेला. ‘अरे, कापसाची गाठ असो की साखरेचं पोतं, सगळं आपल्याच मानेवरून जातं,’ असं ते म्हणत. आमच्या तालुक्यातली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर कधीकाळी चाचांच्या खांद्यावरून जहाजात चढली असेल, हा हिशेब मला फार उशिरा सुचला.

म्हणून आज मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचं काय करायचं, यावर आराखडे निघतात तेव्हा मला तो विषय परका वाटत नाही. तो समजून घ्यायचा तर दीडशे वर्षं मागं जावं लागेल.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. त्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे मोर्चा वळवला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्रात भराव घालून जमीन करायची आणि विकायची, अशा कंपन्या गल्लोगल्ली निघाल्या. १८६५ साली युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि त्यातल्या बहुतेक कंपन्या बुडाल्या. पण पूर्व किनाऱ्यावर एक कंपनी भक्कम होती. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी. नावातला ‘प्रेस’ म्हणजे कापूस दाबून गाठी बांधण्याचा कारखाना. या कंपनीनं भराव घालून बंदराचा मोक्याचा किनारा आपल्याकडे घेतला. माल उतरवायचा तर कंपनीच्या धक्क्यावर, ठेवायचा तर कंपनीच्या वखारीत.

तेव्हाच्या सरकारला यातला धोका कळला. सरकार इंग्रजांचं होतं, त्याला रयतेचा कळवळा होता असं म्हणायचं कारण नाही. पण शहराचं दार एका कंपनीच्या खिशात गेलं तर व्यापारच तिच्या मर्जीवर चालेल, एवढं त्यांनी ओळखलं. १८७० साली सरकारनं कंपनीची ही मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली ‘बॉम्बे पोर्ट ट्रस्ट’ स्थापन झाला. ट्रस्ट म्हणजे विश्वस्त मंडळ. विश्वस्त मालक नसतो, दुसऱ्याची ठेव सांभाळणारा असतो. मुंबईच्या किनाऱ्याच्या इतिहासातला हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मग भराभर गोद्या झाल्या. ससून गोदी १८७५ सालची, ती पुढं सरकारनं विकत घेतली. प्रिन्सेस गोदी १८८०, व्हिक्टोरिया गोदी १८८८, आणि अलेक्झांड्रा गोदी १९१४. हिलाच पुढे इंदिरा गोदी हे नाव मिळालं. ही शेवटची गोदी खणताना जी माती-खडी निघाली, तिच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. तिथल्या देखण्या दगडी इमारतींची छायाचित्रं लोक आवडीनं काढतात. त्यांच्याखालची माती पाटीपाटीनं वाहणाऱ्या बाया-माणसांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. विसाव्या शतकात कापसाचा बाजार शिवडीच्या बाजूला गेला. हार्बर लाइनवरचं ‘कॉटन ग्रीन’ हे स्टेशन त्याचीच आठवण. वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा इथल्या काळ्या मातीचा घाम त्या नावात आहे.

या किनाऱ्यावर एका मराठी माणसाचं नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकलं. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, ऊर्फ भाऊ. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बांधलेला तो भाऊचा धक्का. पुढे धक्क्याची जागा बदलली, नाव राहिलं. रेवस, मोरा, कोकण, गोवा, सगळीकडे जाणारी गरिबांची वाट इथूनच. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. अलिबागकडच्या कित्येक घरांत अजून तो दिवस विसरलेला नाही.

त्याआधी तीन वर्षं, १४ एप्रिल १९४४ रोजी, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात दारूगोळा आणि एकाच जहाजात कापसाच्या गाठी! आग लागली, दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. शेकडो माणसं मेली, हजारो बेघर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. १९४६ च्या फेब्रुवारीत नौदलातल्या खलाशांनी याच बंदरात बंड केलं, तेव्हा गिरण्यांतले कामगार त्यांच्या बाजूनं रस्त्यावर आले. म्हणजे ही काही नुसती सात-बाऱ्यावरची जमीन नाही. तिच्यात माणसं मिसळली आहेत.

मग हे बंदर ओस का पडलं? याचं उत्तर एका लोखंडी पेटीत आहे. कंटेनरमध्ये. पूर्वी जहाजातला माल गाठी-गाठीनं, पोत्या-पोत्यानं उतरे. हजारो हात लागत आणि दिवस लागत. कंटेनर आला आणि तेच काम क्रेननं काही तासांत होऊ लागलं. पण त्यासाठी खोल पाणी हवं, पेट्या रचायला मोठं आवार हवं, ट्रक जायला रुंद रस्ते हवेत. भर शहरात अडकलेल्या जुन्या गोद्यांकडे यातलं पुरेसं काहीच नव्हतं. १९८९ साली समोरच्या तीरावर न्हावा-शेवा इथं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि पेट्यांचा व्यापार तिकडे गेला. तिकडची जमीनही फुकट आलेली नाही. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरणकडच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, त्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. इकडे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या पुढे भराव घालून बुजवल्या. जिथं जहाजं उभी राहत तिथं जमीन झाली. चाचांचा आकडा तर कधीच गंजला होता.

मुंबई बंदर आजही बंद पडलेलं नाही. तेल उतरतं, गाड्या चढतात, प्रवासी जहाजं येतात. पण कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतचा सुमारे २८ किलोमीटरचा किनारा आणि सुमारे १८०० एकर जमीन यांतला बराच भाग कामाविना आहे. पी. डिमेलो मार्गानं मी एकदा पायी चालत गेलो. डिमेलो हे गोदी कामगारांचे पुढारी. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर उजव्या हाताला बराच वेळ भिंतच भिंत होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण दिसत नव्हता. पश्चिमेला चौपाटीवर सगळी मुंबई वारा खायला जाते. पूर्वेच्या चाळींतल्या पोरांना मात्र आपल्या घरामागं समुद्र आहे हे भोंग्याच्या आवाजावरूनच कळायचं. बंदर कामात होतं तोवर त्या भिंतीला कारण होतं. काम आटलं तेव्हा भिंतीचं काय करायचं, हा प्रश्न आला.

२०१४ साली केंद्र सरकारनं राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ साली पोर्ट ट्रस्टलाच या जमिनीचं नियोजन प्राधिकरण केलं आणि त्याच वर्षाअखेरीस आराखड्याचा मसुदा लोकांपुढे आला. बागा, किनाऱ्यालगतचा पदपथ, जलवाहतूक, कचेऱ्या, पर्यटन असं बरंच त्यात आहे. २०२१ च्या नव्या कायद्यानं मोठ्या बंदरांचे ट्रस्ट जाऊन प्राधिकरणं आली. मुंबई पोर्ट ट्रस्टचं नाव आता मुंबई बंदर प्राधिकरण आहे. कायद्याच्या दृष्टीनं ही कारभाराची सोय असेल. पण आमच्या धारूरचा किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाहीच्या किश्वरखानानं बांधला, तो निजामशाहीत गेला, मग मोगलांनी घेतला आणि गावाचं नाव फतेहाबाद केलं. त्यामुळे दारावरचं नाव बदललं की आतला कारभार कोणासाठी चालणार, हे विचारायची आम्हाला सवय आहे. दीडशे वर्षांपूर्वी हा किनारा एका कंपनीकडून सोडवून विश्वस्तांच्या हाती दिला. आता ‘विश्वस्त’ हा शब्द पाटीवरून गेला. तो मनातूनही जाऊ नये.

जगात हे आपल्याच वाट्याला आलेलं नाही. लंडनच्या जुन्या गोद्या बंद पडल्या, तेव्हा १९८१ साली तिथं विकास महामंडळ नेमलं. बँकांचे उंच मनोरे उभे राहिले, पैसा आला. पण पिढ्यान् पिढ्या गोदीत राबलेल्या घरांनी विचारलं, यात आमच्यासाठी काय? जर्मनीतल्या हॅम्बुर्गनं २००० साली बंदराच्या जुन्या भागाचा आराखडा केला. तिथं जमीन शहराच्या मालकीची होती, म्हणून ती कोणाला, कशासाठी द्यायची हे शहराला ठरवता आलं. नव्या इमारती पुराच्या पाण्याच्या वर, उंच जोत्यावर बांधल्या. पाण्यालगतचा चालायचा रस्ता मात्र खाली ठेवला. पूर येईल तेव्हा पाणी तिथं येईल आणि जाईल. पाण्याला त्याची जागा ठेवली, की ते आपल्या घरात शिरत नाही.

मुंबईनं हा धडा २६ जुलै २००५ ला घेतलेला आहे. एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे एवढा पाऊस वर्षभरात झाला तर लोक पेढे वाटतील. तिथं तो भरतीच्या वेळी समुद्राकडे जाऊ शकला नाही. पूर्व किनाऱ्यावर शिवडीची खाजणं आणि तिवरं आहेत, हिवाळ्यात तिथं हजारो रोहित पक्षी उतरतात. त्यांच्यावरून आता शिवडी ते न्हावा असा अटल सेतू गेला आहे, तो १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. ती खाजणं म्हणजे शहराचा मातीचा बांध आहे. शेतकरी ज्या काळजीनं बांध राखतो, त्या काळजीनं ती राखली पाहिजेत. ‘शाश्वत विकास’ या जड शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच.

पण शाश्वत म्हणजे फक्त पक्षी आणि झाडं नव्हेत. या जमिनीवर झोपड्यांतून हजारो कुटुंबं राहतात. दारूखान्यात जुनी जहाजं फोडणारी माणसं आहेत, ससून गोदीत कोळंबी सोलणाऱ्या बाया आहेत. किनारा सुंदर करताना त्यांनाच उचलून लांब टाकलं, तर तो विकास त्यांच्यापुरता तरी टिकाऊ नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव आणला. ठराव झाला, तरी महाडच्या तळ्यावर पाणी पिण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. कागदावर जागा सार्वजनिक असते. तिथपर्यंत पायवाट आहे का, आणि त्या वाटेवर कोण अडवतं, यावरून ती खरी कुणाची ते ठरतं. किनाऱ्यावर बाग केली आणि फाटकाशी तिकीट लावलं, किंवा समोर मनोरे उभे करून समुद्र त्यांच्या खिडक्यांना दिला, तर जुन्या दगडी भिंतीच्या जागी काचेची भिंत आली, एवढंच होईल.

माझं मागणं फार मोठं नाही. भाऊच्या धक्क्यावर आजही डोक्यावर टोपली घेतलेली बाई लाँचमध्ये चढते. तिच्याशेजारी कॉलेजचा मुलगा, कुणी सहलीला निघालेलं कुटुंब. तिथं ‘तू कोण’ असं कुणी विचारत नाही. उद्याचा सगळा किनारा तसा व्हावा. नातवाला खांद्यावर बसवून धारूरहून कुणी मुंबईला गेला, तर त्याला पाण्याच्या काठापर्यंत जाता यावं. ‘बघ, इथून तुझे खापरपणजोबा जहाजात बसले होते,’ एवढं सांगायला माणसाला एक धक्का लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)