मिऱ्यांच्या राणीच्या मुलखात



यंदा माघ संपता संपता आम्ही गाडी काढून अंकोल्यापासून मंगळूरपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जायचं ठरवतोय. फाल्गुन शुद्ध अष्टमीला अष्टाह्निका सुरू होते, त्याच्या आत घरी पोहोचायचं ही सासूबाईंची अट. मार्चात परीक्षा, ही मुलांच्या शाळेची अट. हाताशी उरतात ते सहा दिवस.

नकाशा उघडला की ह्यांचं बोट गोकर्ण, मुरुडेश्वर, मरवंते असं किनाऱ्यावरून सरकतं. मरवंत्याला रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी आहे, तिथे थांबायला माझीही ना नाही. पण माझं बोट दर वेळी किनारा सोडून जरा आत, नदीच्या वरच्या अंगाला जातं. कारण सोळाव्या शतकात या किनाऱ्याची सत्ता बऱ्याच अंशी जैन राजघराण्यांकडे होती, आणि त्यातल्या महत्त्वाच्या गाद्यांवर बायका बसल्या होत्या. आपल्याकडे लेकींना ताराराणी आणि लक्ष्मीबाई सांगतात, ते योग्यच आहे. पण पंचअणुव्रतं पाळणाऱ्या घरात जन्मून पोर्तुगिजांच्या आरमाराला तोंड देणाऱ्या राण्या आपल्या पाठशाळेतही कुणी सांगितल्या नाहीत.

कोल्हापूरहून बेळगाव, हुबळी, मग यल्लापूर आणि अरबैल घाट उतरून अंकोला. पहिला दिवस प्रवासातच जाणार. घाटात या दिवसांत पळस आणि सावर फुललेली असते. आणखी एक गोष्ट याच दिवसांत दिसते, ती म्हणजे अंगणात वाळत घातलेली मिरी. वेलावरचे हिरवे घोस काढून उन्हात पसरायचे, चार-पाच दिवसांत दाणा सुरकुततो आणि काळा होतो. आपल्या डब्यातली काळी मिरी ती हीच. मी होळीनंतरची तारीख नको म्हटलं त्याचं निम्मं कारण हे वाळवण आहे, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्यावरच उभा आहे.

आपल्याला आज तिखट म्हटलं की मिरची आठवते. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा होता तो मिऱ्याचा, पिंपळीचा आणि आल्याचा, आणि कंदमूळ न खाणाऱ्या घरात आलंही नाही. युरोपला तर मिरी हवीच होती. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला तो याच मालासाठी. दुसऱ्या फेरीत, १५०२ साली, त्याने भटकळ बंदरावर दर वर्षाची खंडणी बसवली, आणि ती कशाची, तर तांदळाची. जहाजावरच्या माणसांना खायला लागतोच ना! १५४२ साली भटकळच्या राणीने खंडणी थकवली म्हणून गव्हर्नर मार्तिम अफोन्सु द सौझाने ते शहर लुटून जाळलं. राणी तेव्हाही होती, बघा.

त्यानंतर दहा वर्षांनी, १५५२ साली, चेन्नभैरादेवी गादीवर आली. घराणं साळुव, धर्म जैन, राजधानी शरावतीच्या काठी गेरुसोप्पा. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला गिरसप्पाचा धबधबा तो या गावाच्या नावावरून. सह्याद्रीच्या उतारावरची मिरी नदीने खाली यायची आणि होन्नावर, भटकळ अशा बंदरांतून बाहेर जायची. डोंगर, नदी आणि बंदर तिन्ही एका हातात असल्यामुळे भाव कुणी ठरवायचा हे तीच ठरवत होती. पोर्तुगीज तिला ‘रैन्या द पिमेंता’ म्हणायचे, म्हणजे मिऱ्यांची राणी. नाव कौतुकाचं वाटतं, पण ते गिऱ्हाइकाने दुकानदाराला दिलेलं नाव आहे. ज्याच्याशी घासाघीस करून हात टेकले, त्याला असं नाव पडतं. त्यांच्याशी तिच्या लढाया झाल्या, होन्नावर जळालं, परत उभं राहिलं, व्यापार पुन्हा चालू झाला. ५४ वर्षं तिने राज्य केलं. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झालं, तेव्हा तिथून दक्षिणेकडे निघालेल्या सारस्वतांना तिच्या मुलखात आसरा मिळाला असं त्या भागात मानतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजानचा किल्ला. कुमठ्याच्या अलीकडे, अघनाशिनी नदीजवळ. जांभ्या दगडाचा, खंदकाचा, आणि तिच्याच नावाने ओळखला जाणारा. पावसाळ्यात तो शेवाळाने हिरवागार होतो म्हणून फोटो काढणारे तेव्हा जातात. सासूबाईंच्या गुडघ्यांना मात्र कोरड्या पायऱ्याच बऱ्या. तिथून होन्नावरला येऊन शरावतीच्या कडेने सुमारे ३० किलोमीटर वर गेलं की गेरुसोप्पा. रानात चतुर्मुख बसदी आहे. चार दिशांना चार दारं आणि गाभाऱ्यात चारही दिशांना तोंड करून तीर्थंकर. जवळच ज्वालामालिनीचं मंदिर आहे. एवढ्या मोठ्या शहराचं आज जे उभं आहे ते बहुतेक देवाचंच.

हे शहर मोडल्यावर लवकरच ते पाहिलेल्या एका माणसाने लिहून ठेवलं आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा रोमचा प्रवासी १६२३ साली गोव्याहून पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या दरबारी निघाला होता. हा माणूस विलक्षण. त्याची बायको सित्ती मआनी प्रवासात वारली, आणि तिचा देह पेटीत घालून तो वर्षानुवर्षं देशोदेशी बरोबर नेत होता; शेवटी १६२६ साली त्याने तो रोमला पुरला. (आपल्याला ऐकूनच कसंतरी होतं, पण माणसाची माया म्हणावी.) वाटेत त्याला गेरुसोप्पा लागलं. इक्केरीचा राजा वेंकटप्पा नायक याने १६०६ साली राज्य घेतलं होतं आणि म्हाताऱ्या राणीला कैदेत नेलं होतं, तिथेच ती गेली. सतरा वर्षांत राजवाडा आणि शहर झाडाझुडपांत बुडून गेलेलं या प्रवाशाने पाहिलं.

राणीबद्दल त्याला काय सांगण्यात आलं ते ऐका. ती म्हणे एका हलक्या कुळातल्या परक्या माणसाच्या प्रेमात पडली, सगळं राज्य त्याच्या हवाली केलं आणि म्हणून बुडाली. मी गणित मांडून बघते. १५५२ साली ती वीस वर्षांची होती असं धरलं तरी राज्य गेलं तेव्हा ती चौऱ्याहत्तरची. पन्नास वर्षं जिने मिऱ्याचा भाव हातात ठेवला, बंदर जळाल्यावर पुन्हा उभं केलं, ती त्या वयात एका माणसापायी सगळं घालवून बसली? शिवाय हा पाहुणा चालला होता इक्केरीला, म्हणजे जिंकलेल्याच्या घरी. कहाणी त्या बाजूने आली असणार, असा माझा तर्क आहे. एखादीचा संसार किंवा कारभार मोडला की आधी तिच्या चालीबद्दल बोलायचं, ही रीत आपल्याला काही नवी नाही.

भटकळ आम्ही धावतं करणार. चंद्रनाथाची जुनी मोठी बसदी बघायची, आणि वेळ उरला तर आतल्या हाडुवळ्ळीला जायचं. तिसरा मुक्काम कारकळ.

कारकळचा गोमटेश सुमारे ४२ फुटांचा, १४३२ साली वीर पांड्य भैररसाने उभा केलेला. पुढे वेणूरचा, ३५ फुटांचा, १६०४ सालचा, तिम्मण्ण अजिलाने उभा केलेला. म्हणजे गेरुसोप्पाची गादी शेवटचे दिवस मोजत होती तेव्हा वेणूरला बाहुबली उभे राहत होते. इथे आमच्या धाकटीने मला अडवलं होतं. आपण मुंगीवर पाय पडू नये म्हणून बघून चालतो, मग या राण्या लढाया कशा करायच्या? उत्तर सासूबाईंनी दिलं. गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य. शेतीत, चुलीशी, धंद्यात होते ती आरंभी आणि उद्योगी, ती कमी करत जायची. आणि घरावर, प्रजेवर, धर्मावर कोणी चालून आला तर त्याला अडवताना होते ती विरोधी. ती करणारा श्रावकपणातून जात नाही, पण तिचं पुण्यही म्हणायचं नाही, असं त्या म्हणाल्या. धाकटीचं पूर्ण समाधान झालेलं दिसलं नाही. तिला मी बाहुबलींच्या समोर उभी करणार आहे. युद्ध जिंकून राज्य टाकून देणाऱ्याची मूर्ती राज्य करणाऱ्यांनीच उभी करवली, एवढं दाखवायचं. पुढचं तिचं तिने बघावं.

मूडबिद्रीला अर्धा दिवस पुरत नाही, हे आधी जाऊन आलेल्यांनी बजावलं आहे. तिथे अठरा बसद्या. हजार खांबांची बसदी १४३० सालची. पण मला ओढ आहे ती सिद्धांत बसदीची, कारण षट्खंडागमावरच्या धवला टीकेची ताडपत्रं इथेच जपली गेली. शतकानुशतकं त्यांचं फक्त दर्शन व्हायचं, वाचन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूर-मुंबईच्या श्रावकांनी खटपट करून नक्कल करण्याची परवानगी मिळवली, ती प्रत गावाबाहेर न्यायची नाही या अटीवर. हे काम करणाऱ्यांत मिरजेचे गजपती उपाध्याय होते. त्यांनी घरी गुपचूप आणखी एक कन्नड प्रत तयार केली आणि त्यात त्यांना मदत होती त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाईंची. तीच प्रत पुढे सहारनपूरला पोहोचली, आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला धवलेचा पहिला खंड १९३९ साली आपल्या अमरावतीहून छापून निघाला. आज आपल्या बस्तीत शास्त्रसभेला जो ग्रंथ उघडतात, त्याच्या वाटेवर मिरजेच्या एका बाईचे हात आहेत. अट मोडली हे बरोबर की चूक, यावर आमच्या महिला मंडळात एकदा चांगलं तासभर भांडण झालं होतं. माझं मत लक्ष्मीबाईंच्या बाजूने.

मूडबिद्री ही चौट राजांची, आणि त्यांचीच एक गादी मंगळूरच्या दक्षिणेला उल्लाळला. तिथली अब्बक्का. तुळुनाडूत या जैन घराण्यांत अळियसंतान चालायचं. वारसा मामाकडून बहिणीच्या मुलांकडे. घर, जमीन, गादी सगळं आईच्या बाजूने. अब्बक्काला तिच्या मामाने, तिरुमलरायाने, शिकवून तयार केलं आणि गादीवर बसवलं. तिचं लग्न मंगळूरच्या बंग घराण्यात झालं, पण पटलं नाही. तेव्हा ती ‘माहेरी परत आली’ असं आपण म्हणू. तिच्या रीतीने पाहिलं तर परत येण्याचा प्रश्नच नव्हता, घर तिचंच होतं. हे वाचताना मी जरा थांबते, कारण माझ्या माहेरच्या शेतीचं हक्कसोडपत्र गेल्या दिवाळीपासून माझ्या कपाटात आहे. ‘भाऊबीजेला देऊन टाक सही, आपल्यात असंच असतं’ असं सगळे प्रेमानेच सांगतात. आपल्यातच, याच धर्माच्या घरांत, चारशे वर्षांपूर्वी असं नसायचंही, एवढं आता मला माहीत आहे. सही मी अजून केलेली नाही.

उल्लाळवर पोर्तुगीज पुन्हा पुन्हा आले. १५६८ साली त्यांनी मंगळूर घेऊन किल्ला बांधला. तिथली परंपरा सांगते की वाडा पडला तेव्हा अब्बक्काने मशिदीत आसरा घेतला आणि रातोरात थोडी माणसं जमवून उलट चाल केली. तिच्या बाजूने जैन होते, मोगवीर कोळी होते, माप्पिळा मुसलमान होते. २०१२ साली तटरक्षक दलाच्या एका जहाजाला तिचं नाव दिलं.

आता परत आपला देल्ला वाल्ले. १६२३ सालीच तो उल्लाळलाही गेला, आणि राणी त्याला भेटली ती रस्त्यात. अनवाणी, साध्या सुती कपड्यात, डोक्यावर ताडपत्रीची छत्री, बरोबर चार-सहा शिपाई. शेतातल्या चरांचं काम कसं चाललंय ते बघायला निघाली होती. दिसायला त्याला ती स्वयंपाकघरातल्या मोलकरणीसारखी वाटली, आणि बोलायला लागल्यावर मात्र राणी वाटली. युरोपात एवढा दरारा असलेल्या स्पेनच्या राजाच्या फौजा इथे कोण हरवतं, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. पोर्तुगाल तेव्हा त्याच राजाखाली होतं. ती त्याला सुमारे चाळिशीची वाटली. म्हणजे १५६८ ची अब्बक्का ती ही नव्हे. तेव्हा हिचा जन्मही झाला नसणार. अभ्यासकही आता एकापेक्षा जास्त अब्बक्का मानतात. कथेत त्यांची एकच राणी झाली. मला ते वाईट वाटत नाही, उलट आनंद होतो. एकीच्या शौर्याला अपवाद म्हणता येतं. मावशीमागून भाची, आईमागून लेक अशी गादी चालली असेल, तर ती घराची पद्धत होती.

प्रवासाला पोळ्यांऐवजी दशम्या घेणार आहे, तीन दिवस टिकतात. बिनलसणाची शेंगांची चटणी, भडंग, आणि पाणी गाळायचं फडकं दोन, एक ओलं राहतं म्हणून. मूडबिद्रीला यात्रेकरूंच्या जेवणासाठी आदल्या दिवशी फोन करून ठेवायचा. किनाऱ्यावर त्या दिवसांत सूर्यास्त साडेसहाच्या सुमाराला होतो, म्हणून उल्लाळला सासूबाईंचं जेवण साडेपाचला गाडीतच उरकायचं, आणि मग मुलांना सोमेश्वरच्या वाळूत सोडायचं.