अध्यक्षांची ओहोटी: अमेरिकेतील मध्यावधी निवडणुकांचा इतिहास

अमेरिकेच्या राज्यघटनेने प्रतिनिधिगृहाला दोन वर्षांची मुदत दिली, अध्यक्षाला चार वर्षांची आणि सिनेटरला सहा वर्षांची. मध्यावधी निवडणूक जन्मली ती या तीन आकड्यांतून. अध्यक्षाची कारकीर्द अर्ध्यावर आली की प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी मतदान होते. भारतात ‘मध्यावधी’ म्हटले की मुदतीआधी विसर्जित झालेले सभागृह डोळ्यांसमोर येते. १९७१ ची लोकसभा निवडणूक तशी होती. अमेरिकेत ती ठरल्या वर्षी येतेच, मग सरकार भक्कम असो वा डळमळीत. मतपत्रिकेवर अध्यक्षाचे नाव नसते. तरीही मतदार राग काढतात तो बहुधा त्याच्यावर, आणि त्याची किंमत मोजतात त्याच्या पक्षाचे उमेदवार.

घटनाकारांना हे अभिप्रेत नव्हते. जेम्स मॅडिसन यांनी १७८८ मध्ये दोन वर्षांच्या मुदतीचे समर्थन केले ते प्रतिनिधी आणि जनता यांच्यातला धागा सैल पडू नये म्हणून. राजकीय पक्ष तेव्हा नीट उभेही राहिले नव्हते. पक्ष उभे राहिले, अध्यक्ष हा पक्षाचा चेहरा झाला, आणि मग मधल्या निवडणुकीचा अर्थच बदलला. यादवी युद्धानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत अध्यक्षाच्या पक्षाने प्रतिनिधिगृहात जागा गमावल्या नाहीत अशा मध्यावधी निवडणुका बोटांवर मोजता येतील.

या परंपरेतला पहिला मोठा तडाखा १८७४ चा. युलिसिस ग्रँट १८७२ मध्ये मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून आले होते. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात जे कुक यांची पेढी बुडाली आणि तिच्यामागे बँका, रेल्वे कंपन्या, कारखाने कोसळू लागले. त्यात रेल्वेच्या कंत्राटांतले घोटाळे बाहेर आले, शिवाय काँग्रेसच्या, म्हणजे या दोन सभागृहांच्या, सभासदांनी स्वतःचे पगार वाढवून घेतले होते. तेव्हा सगळ्या राज्यांत एकाच दिवशी मतदान होत नसे. ओहायो आणि इंडियाना ऑक्टोबरात मत देत, त्यामुळे वारा कुठे वाहतो ते नोव्हेंबरच्या आधीच कळे. सुमारे २९० सभासदांच्या प्रतिनिधिगृहात ग्रँट यांच्या रिपब्लिकन पक्षाने नव्वदहून अधिक जागा गमावल्या. व्यंगचित्रकार थॉमस नॅस्ट यांनी त्याच हंगामात, ७ नोव्हेंबर १८७४ च्या ‘हार्पर्स वीकली’त, रिपब्लिकन मतांना बिथरलेल्या हत्तीचे रूप दिले. तो हत्ती आजही त्या पक्षाचे चिन्ह आहे.

या पराभवाची खरी किंमत मात्र ग्रँट यांनी मोजली नाही. ती दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी मोजली. गुलामगिरी मोडून काढणाऱ्या अमेरिकी जनतेला जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला होता. पुढच्याच वर्षी मुक्त झालेल्या माणसांच्या हक्कांमागचे संसदीय बळ ओसरले. जुन्या सभागृहाने जाता जाता १८७५ चा नागरी हक्क कायदा संमत केला. पण १८७७ पर्यंत दक्षिणेतल्या सरकारांना असलेला संघीय सैन्याचा आधार गेला, आणि १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाही घटनाबाह्य ठरवला. मध्यावधीच्या इतिहासात इतका दुःखद परिणाम दुसऱ्या कुठल्या निकालाचा सापडत नाही.

पुढे हाच क्रम चालू राहिला. १८९० मध्ये आयातकर वाढवल्याचा राग बेंजामिन हॅरिसन यांच्या पक्षाला भोवला. १८९३ च्या मंदीनंतर, १८९४ मध्ये, ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने शंभराहून अधिक जागा घालवल्या. वुड्रो विल्सन यांनी तर २५ ऑक्टोबर १९१८ रोजी आपल्याच पक्षाला बहुमत द्या असे जाहीर आवाहन केले. महायुद्ध संपायला जेमतेम दोन आठवडे उरले होते, तरी मतदारांनी दोन्ही सभागृहे विरोधकांच्या हाती दिली. सिनेटच्या परराष्ट्र समितीच्या अध्यक्षपदी हेन्री कॅबट लॉज आले आणि व्हर्सायचा तह सिनेटमध्ये अडकला तो कायमचा.

तोवर अध्यक्षाची लोकप्रियता मोजण्याचे साधन नव्हते. वर्तमानपत्रे, सभा आणि निकाल यांवरून ती ताडावी लागे. १९३५ मध्ये जॉर्ज गॅलप यांनी जनमत चाचणीची संस्था काढली. अध्यक्ष आपले काम ज्या रीतीने करतात ती तुम्हाला पसंत आहे का, असा साधा प्रश्न ती संस्था विचारू लागली आणि ओहोटीला आकडा मिळाला.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पक्षाने १९३४ मध्ये, मंदीशी झुंज चालू असताना, दोन्ही सभागृहांत जागा वाढवून रीत मोडली होती. १९३८ मध्ये मात्र तेही सापडले. सर्वोच्च न्यायालयातले न्यायाधीश वाढवण्याचा त्यांचा प्रस्ताव लोकांना रुचला नव्हता, आणि मंदी पुन्हा डोके वर काढत होती. स्वपक्षातल्या विरोधकांना उमेदवारीच्या लढतीत पाडण्यासाठी ते स्वतः जॉर्जिया, दक्षिण कॅरोलायना आणि मेरिलँडमध्ये उतरले. तिन्ही ठिकाणचे सिनेटर टिकले. नोव्हेंबरात पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या सत्तरहून अधिक जागा गमावल्या.

लोकप्रियतेची घसरण कशी असते हे समजून घ्यायचे तर १९४६ सालाकडे जावे. जून १९४५ मध्ये अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना गॅलपच्या चाचणीत ८७ टक्के पसंती होती. पुढच्या वर्षीच्या शरदात ती ३३ टक्क्यांच्या आसपास आली. युद्ध जिंकलेला देश संपांनी, घरटंचाईने आणि महागाईने त्रासला होता. त्यात मांसाचा प्रश्न पेटला. उन्हाळ्यात किंमत नियंत्रण उठले तेव्हा भाव भडकले; ते पुन्हा लागू झाले तेव्हा पशुपालकांनी गुरे बाजारात आणलीच नाहीत. खाटकांची दुकाने रिकामी पडली आणि गृहिणी रांगांमधून रिकाम्या हातांनी परतू लागल्या. १४ ऑक्टोबरला ट्रूमन यांनी मांसावरचे नियंत्रण उठवले, पण फार उशीर झाला होता. त्यांच्याच पक्षाने प्रचारात त्यांना मागे ठेवले आणि दिवंगत रूझवेल्ट यांच्या भाषणांच्या ध्वनिमुद्रिका रेडिओवर लावल्या. ‘पुरे झाले ना?’ एवढा सवाल रिपब्लिकनांना पुरला. त्यांनी प्रतिनिधिगृहात पन्नासहून अधिक जागा वाढवल्या आणि दोन्ही सभागृहे जिंकली. रिचर्ड निक्सन आणि जोसेफ मॅकार्थी त्याच लाटेवर काँग्रेसमध्ये आले. डेमोक्रॅट जॉन केनेडीही त्याच वर्षी प्रथम निवडून गेले.

डेमोक्रॅटिक सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी तर ट्रूमन यांनी राजीनामा द्यावा असे सुचवले. नव्या काँग्रेसने अध्यक्षाचा नकाराधिकार ओलांडून कामगार संघटनांवर बंधने घालणारा टाफ्ट-हार्टली कायदा केला. कोणीही दोनपेक्षा अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून येऊ नये, ही घटनादुरुस्तीही तिने १९४७ मध्ये मांडली. ती १९५१ मध्ये अमलात आली. परराष्ट्र धोरणात मात्र रिपब्लिकन सिनेटर आर्थर व्हँडनबर्ग यांनी ट्रूमन यांना साथ दिली आणि मार्शल योजना त्याच सभागृहांतून पार पडली. याच काँग्रेसला निष्क्रिय ठरवत ट्रूमन १९४८ मध्ये देशभर फिरले आणि जिंकले.

मध्यावधीतली ओहोटी म्हणजे अध्यक्षाचा शेवट नव्हे, हे यानंतर वारंवार दिसले. रोनाल्ड रेगन यांच्या पक्षाने १९८२ च्या बेकारीत २६ जागा गमावल्या. १९८४ मध्ये रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. बिल क्लिंटन यांच्या पक्षाने १९९४ मध्ये प्रतिनिधिगृहावरची ४० वर्षांची सत्ता घालवली. ते १९९६ मध्ये पुन्हा निवडून आले. बराक ओबामा यांच्या पक्षाला २ नोव्हेंबर २०१० रोजी ६३ जागांचा फटका बसला आणि चार दिवसांनी ते मुंबईत उतरले. सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात एका विद्यार्थिनीने याच निकालाबद्दल प्रश्न केला, तेव्हा वाटेत काही दुरुस्त्या कराव्या लागतील, असे त्यांनी मान्य केले. २०१२ मध्ये तेही जिंकले.

अभ्यासकांनी या क्रमाची कारणे शोधली आहेत. अध्यक्षाच्या निवडणुकीत उसळलेले मतदान दोन वर्षांनी ओसरते आणि उत्साहाने आलेले समर्थक घरी बसतात, असे अँगस कँपबेल यांनी १९६० मध्ये मांडले. एडवर्ड टफ्टी यांनी १९७५ मध्ये अध्यक्षाची लोकप्रियता आणि लोकांचे वाढते-घटते उत्पन्न यांच्याशी निकालाची सांगड घातली. अपवादही त्यांच्या विवेचनाला धरूनच आहेत. १९९८ मध्ये महाभियोग डोक्यावर असताना क्लिंटन यांची लोकप्रियता साठ टक्क्यांच्या वर होती आणि पक्षाच्या पाच जागा वाढल्या. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर, २००२ मध्ये, जॉर्ज बुश (धाकटे) यांच्या पक्षानेही जागा वाढवल्या. पण २००६ मध्ये इराक युद्धाने त्यांची पसंती चाळीस टक्क्यांखाली नेली आणि दोन्ही सभागृहे गेली.

२०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहात सुमारे ४० जागा गमावल्या, तरी सिनेटमध्ये दोन वाढवल्या. २०२२ मध्ये जो बायडेन यांची पसंती चाळीस टक्क्यांच्या आसपास असूनही डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतिनिधिगृहातले नुकसान नऊ जागांवर थांबले. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्याने त्या पक्षाचे अनेक मतदार घराबाहेर पडले होते, आणि खऱ्या चुरशीचे मतदारसंघही आता थोडेच उरले आहेत. बेळगावात वाढलेले आणि मराठीत आत्मचरित्र लिहिलेले श्री ठाणेदार याच निवडणुकीत मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात पोहोचले.