स्तनाचा कर्करोग : धोका कोणाला आणि तपासणीची सवय कशासाठी?



स्तनाच्या कर्करोगाचे नाव आपल्या घरांत आजही हलक्या आवाजात घेतले जाते. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग मात्र हाच आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतात त्याच वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. म्हणजे जगात शंभर नव्या रुग्णांमागे सुमारे २९ मृत्यू, तर आपल्या देशात सुमारे ५१. या तफावतीचे एक मोठे कारण म्हणजे आपल्या स्त्रिया रुग्णालयात उशिरा पोहोचतात. म्हणूनच हा विषय आम्ही सविस्तर मांडत आहोत.

धोका कोणाला अधिक?

स्तनातील दुग्धनलिकांच्या किंवा दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या पेशी अनिर्बंध वाढू लागल्या की हा रोग सुरू होतो. स्त्री असणे आणि वय वाढणे हे त्याचे दोन प्रमुख धोके. पुरुषांनाही तो होतो, परंतु एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण सुमारे एक टक्का इतकेच असते.

पहिली पाळी लवकर येणे, रजोनिवृत्ती उशिरा होणे, मूल न होणे अथवा पहिले मूल तिशीनंतर होणे, यांमुळे धोका वाढतो. अशा स्त्रीच्या स्तनपेशींवर शरीरातील संप्रेरकांचा प्रभाव अधिक काळ राहतो. उलट अंगावर दूध पाजणे हे संरक्षक ठरते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, तीस देशांतील माहिती एकत्र करणाऱ्या अभ्यासानुसार स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो.

रजोनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव आणि मद्यपान ही आपल्या हातातील कारणे होत. मद्याचे प्रमाण थोडे असले तरी धोका काहीसा वाढतोच. लग्नसमारंभात व सणावाराला वाईनचा पेला सहज पुढे येणाऱ्या आपल्या समाजाने ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत हा रोग आनुवंशिक असतो. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत तो होण्याची शक्यता असते. आई, बहीण वा मावशीला कमी वयात हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना ते अवश्य सांगावे. परंतु ‘आमच्या घराण्यात कोणाला नाही’ म्हणून निर्धास्त राहू नये. बहुसंख्य रुग्णांच्या कुटुंबात हा रोग आधी कोणालाही झालेला नसतो.

धर्मभगिनींचे आरोग्य

या रोगाच्या इतिहासात धर्मभगिनींना एक वेगळे स्थान आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी नोंदवले की मठांतील भगिनींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक दिसतो. कारण त्यांना नेमके ठाऊक नव्हते, पण निरीक्षण अचूक होते. अमेरिकेत १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीस हजारांहून अधिक धर्मभगिनींच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यातही मध्यमवयानंतर स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. अपत्यजन्म व स्तनपान यांतून मिळणारे संरक्षण व्रतस्थ स्त्रीला लाभत नाही, हे त्यामागील कारण आहे.

आपल्या शाळांत, दवाखान्यांत व अनाथाश्रमांत धर्मभगिनी आयुष्यभर इतरांची शुश्रूषा करतात. स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलणे त्यांना संकोचाचे वाटते. प्रत्येक मठाच्या प्रमुख भगिनींनी चाळिशीपुढील भगिनींच्या तपासणीची तारीख वार्षिक वेळापत्रकातच नोंदवून ठेवावी, अशी आमची विनंती आहे. अविवाहित राहिलेल्या आपल्या आत्या व मावश्या यांनाही हेच लागू पडते.

लक्षणे कोणती?

स्तनात किंवा काखेत गाठ लागणे. एका स्तनाच्या आकारात बदल होणे. त्वचेवर खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे. स्तनाग्र आत ओढले जाणे. त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे. स्तनाग्रावर न बरी होणारी खपली वा चट्टा असणे. ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे.

सर्वांत घातक समजूत म्हणजे ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ ही होय. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. म्हणूनच ती महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. अर्थात, स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणती गाठ निरुपद्रवी आहे हे शेजारीण किंवा वैदू ठरवू शकत नाही. सुई घातल्याने रोग पसरतो, हा समजही निराधार आहे. बायोप्सीशिवाय निदान पक्के होत नाही.

तपासणीच्या पद्धती

पहिली पद्धत स्वतः लक्ष ठेवण्याची. चीनमधील शांघाय शहरात कापड गिरण्यांतील सुमारे २ लाख ६६ हजार स्त्री-कामगारांवर मोठा प्रयोग झाला. ठरावीक पद्धतीने स्वतःचे स्तन तपासायला शिकवल्याने मृत्यूंचे प्रमाण घटले नाही, असा त्याचा निष्कर्ष २००२ साली आला. म्हणून आज भर आहे तो आपल्या शरीराची ओळख असण्यावर आणि नवा बदल दिसताच विलंब न करण्यावर.

दुसरी पद्धत प्रशिक्षित व्यक्तीने हाताने तपासण्याची. भारत सरकारच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे ठरले आहे.

तिसरी पद्धत मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा क्ष-किरणांनी घेतलेला फोटो. हाताला न लागणारी गाठही तिच्यात दिसू शकते. अमेरिकेतील २०२४ सालची शिफारस ४० ते ७४ वयाच्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी अशी आहे. तरुण स्त्रियांचे स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत दोष स्पष्ट दिसत नाही. तेथे सोनोग्राफी उपयोगी पडते. मॅमोग्राफीतही कधी नसलेल्या रोगाची शंका येते, तर कधी असलेला रोग निसटतो. तेव्हा अहवाल चांगला आला तरी नंतर गाठ लागल्यास पुन्हा दाखवावे.

मुंबईचा अनुभव

हाताने केलेल्या साध्या तपासणीने काय साधते, याचे उत्तर आपल्याच मुंबईने जगाला दिले. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ साली शहरातील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तपासणी झालेल्या गटात रोग पुढच्या टप्प्यावर सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांमध्ये मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंमध्ये तशी घट सिद्ध झाली नाही. ना महागडे यंत्र, ना तज्ज्ञ डॉक्टर. केवळ शिकवलेले हात आणि नियमितपणा, एवढ्यावर पन्नाशीपुढील भगिनींचे प्राण वाचू शकतात, हा याचा अर्थ.

सवय का जडत नाही?

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ ०.९ टक्के स्त्रियांनी कधीतरी स्तनांची तपासणी करून घेतली असल्याचे आढळले. शंभरांत एकही पुरती नाही! लज्जा हे एक कारण आहे. सोयीच्या ठिकाणी तपासणी न मिळणे हे दुसरे. खर्चाची धास्ती असते, घरातील कामे संपत नाहीत आणि ‘निघालेच तर काय?’ ही भीती सर्वांवर मात करते.

या भीतीला उत्तर आहे. गाठ लहान असताना सापडली, तर बहुतांश वेळा संपूर्ण स्तन काढावा लागत नाही. गाठ काढून नंतर किरणोपचार दिल्यास रुग्णाचे आयुर्मान तितकेच राहते, हे इटली व अमेरिकेतील वीस वर्षांच्या पाठपुराव्याने २००२ साली सिद्ध झाले आहे. खर्चाबाबत म्हणावे तर महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. योजनेशी संलग्न रुग्णालयात शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन चौकशी करावी.

धर्मग्रामांनी काय करावे?

स्त्री मंडळांनी व लघुख्रिस्ती समूहांनी वर्षातून एकदा स्त्री-डॉक्टर किंवा परिचारिकेकरवी तपासणी शिबिर भरवावे. ४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. दुसऱ्याच दिवशी, ५ फेब्रुवारीला, स्तनरोगाने पीडित असलेल्यांची आश्रयदाती मानल्या गेलेल्या संत अगाथेचा सण येतो. तपासणीची आठवण राहण्यास याहून सोपी तारीख नाही. शिबिरात शंका आलेल्या प्रत्येक स्त्रीसोबत रुग्णालयापर्यंत जाणारी एक भगिनी आधीच नेमावी. अन्यथा पुढील तपासणी राहून जाते.

आणि पुरुषांनो, आपल्या पत्नीला, आईला, बहिणीला ‘तपासून घेतलेस का?’ असे विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. तिला वेळ नसेल, तर त्या दिवशीचा स्वयंपाक आपण करावा आणि तिच्यासोबत रांगेत उभे राहावे.