हिंगणघाटची कबर आणि येल्लापूरमचे पंधरा

धंतोलीतून सीताबर्डीवरून पुढे गेले की झिरो माइलचा स्तंभ लागतो. परगावचा पाहुणा आला की आपण त्याला हा दगड दाखवितो, शेजारच्या चार घोड्यांचे कौतुक करतो आणि भारताचा मध्य तो हाच असे सांगून मोकळे होतो. स्तंभ 1907 साली उभारला गेला. त्याच्या बुंध्यावर निरनिराळ्या गावांची अंतरे कोरली आहेत, त्यांत हैदराबाद 318 मैल असल्याची नोंद आहे. आजच्या विषयाचा उगम त्या हैदराबादच्या वाटेवर आहे.

त्या वाटेवर, येथून साधारण 75 किलोमीटरवर, हिंगणघाट लागते. 20 जानेवारी 1823 रोजी तेथे विल्यम लॅम्टन नावाचा एक वृद्ध इंग्रज क्षयाने मरण पावला. हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा, परंतु काम सर्वस्वी मुलकी: भूमीची मोजणी. 1802 साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साडेसात मैलांची आधाररेषा साखळीने मोजून त्याने आरंभ केला, आणि अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र टेकडीटेकडीवर चढवीत वीस वर्षे तो उत्तरेकडे सरकत राहिला. 1808 साली तंजावरच्या देवळावर चढविताना ते यंत्र आपटून निकामी झाले, तेव्हा त्याने सहा आठवडे तंबूत बसून ते स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले. 1818 पासून हे काम थेट गव्हर्नर जनरलच्या ताब्यात गेले. आता हैदराबादचा मुक्काम हलवून नागपुरास यायचे होते, तोच वाटेत मृत्यूने गाठले. त्या वेळी नागपूरच्या गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी भोसले होते आणि कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती होता. लॅम्टनची कबर हिंगणघाटात आहे. तिची आबाळ पुष्कळ झाली, हे खरे. पण कबर आहे, तिच्या धन्याचे नाव ठाऊक आहे, आणि कुणी ना कुणी तिचा शोध घेत येतो.

लॅम्टनच्या मृत्यूच्या चार वर्षे आधीची एक हकीकत मला त्याहून अधिक अस्वस्थ करते. 1819 साली त्याचा तरुण मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधील येल्लापूरमच्या रानात मोजणीस गेला. पावसाने हवा धुतली की दूरच्या टेकडीवरील निशाण स्पष्ट दिसते, म्हणून काम नेमके पावसाळ्यात काढीत. खलाशी पुढे जायचे, झाडे तोडून टेकडीचा माथा मोकळा करायचे आणि तेथे निशाण घेऊन उभे राहायचे. मागून यंत्र येई, साहेब दुर्बिणीतून पाही आणि कोन लिहून घेई. पावसाळा उतरताना तापाने सगळा तळ धरला. जवळजवळ दीडशे माणसे आडवी झाली, आणि हैदराबादेहून हत्ती, उंट, पालख्या येऊन त्यांची सुटका होईतो पंधरा जण दगावले. हा ताप डासांमुळे होतो हे रॉसने 1897 साली सिद्ध केले, तेही त्याच मुलखातील सिकंदराबादेत. म्हणजे ते पंधरा जण, आपण कशाने मरत आहोत हे न कळता मेले.

एव्हरेस्टलाही ताप बाधला. त्याला हवापालटासाठी केप ऑफ गुड होपला जाण्याची रजा मिळाली. पुढे तो सर्व्हेचा प्रमुख झाला, आणि 1865 साली जगातील सर्वोच्च शिखराला त्याचे नाव दिले गेले. येल्लापूरमची हकीकत सांगितली जाते तीत पंधरा हा आकडा आहे. त्या पंधरांपैकी एकाचेही नाव नाही. एव्हरेस्टला दोष देण्याचा येथे हेतू नाही. तो मरतामरता वाचला होता.

हे तेव्हाच्या काळाला धरूनच होते, असे कोणी म्हणेल. मला ते सगळे पटत नाही. पेशवाईच्या दप्तरात बालपरवेशी नावाची एक बाब आढळते: चाकरीत पडलेल्या माणसाच्या पोरक्या मुलांचा खर्च सरकारने चालवायचा. ती मुख्यतः लढवय्यांसाठी होती, हे कबूल. तथापि मुलाला बालपरवेशी द्यायची तर बापाचे नाव दप्तरात लिहावेच लागते.

लढवय्यांची नावे पुढेही राहिली. 21 ऑक्टोबर 1959 रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी हल्ल्यात दहा पोलीस पडले. त्या तारखेला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात, आणि 2018 पासून दिल्लीला नावांची भिंतही आहे. मुलकी नोकरांपैकी वनखात्याला 2013 साली स्वतःचा दिवस मिळाला: 11 सप्टेंबर. 1730 साली राजस्थानात खेजडलीला झाडे वाचविण्यासाठी 363 बिश्नोई मारले गेले, त्याची ती आठवण. जाता जाता एक गंमत सांगतो, गंमत म्हणवत नाही तरी. ते बिश्नोई सरकारी नोकर नव्हते. उलट त्यांना मारणारे जोधपूर दरबारचे सरकारी नोकर होते.

20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोब्यात कोलाऱ्याच्या रानात एक वनरक्षक स्त्री व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी चालली होती. वाघिणीने झडप घालून तिला ओढून नेले. हेही मोजणीचेच काम, आणि येथेही रानात चालत जायचे ते शेवटच्या पायरीवरील नोकराने. तिचे नाव त्या आठवड्यात सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते. मी ते येथे मुद्दाम सांगत नाही. आपल्याला आठवते का, हे प्रत्येक श्रोत्याने मनाशी पाहावे.

यशवंत सोनवणे हे नाव त्या मानाने अधिक जणांना आठवेल. मालेगावचे ते अपर जिल्हाधिकारी. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडीला तेलाची भेसळ पकडायला गेले असता त्यांना भरदिवसा जाळून मारण्यात आले. 27 जानेवारीला राज्यातील सुमारे 17 लाख कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. मुलकी नोकराच्या मृत्यूवर एवढा मोठा शोक महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. पण तेथे मारेकरी होता. मारेकरी असला की आपल्याला मृत्यू दिसतो. निवडणूक कामावरील मृत्यूसाठी आयोगाने ठरविलेल्या सानुग्रह रकमेतही हा भेद आहे: एरवी किमान 15 लाख, अतिरेक्यांच्या हल्ल्यात मृत्यू आला तर 30. गडचिरोलीच्या मतदानकेंद्राकडे चालत निघालेल्या शिक्षकाच्या घरी दोन्ही मरणांनी चूल सारखीच विझते.

तापाने मेलेल्याची गणना व्हायला 2020 साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या मे महिन्यात महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की करोनाच्या कामावर असताना त्या रोगाने मृत्यू आल्यास कुटुंबाला 50 लाख रुपये द्यावेत. आणि त्यात कायम नोकरांबरोबर कंत्राटी व मानधनावरील माणसेही धरली. येल्लापूरमचे खलाशी त्याच वर्गातले. मात्र या रकमेसाठी कामावरील हजेरीचा दाखला जोडावा लागे, आणि तो देणार ते त्या माणसाचेच कार्यालय.